बारीक निबवाले गायकर

गायकरकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका प्राध्यापकांना चपलेने मारत होते. उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात, भर दुपारी. प्राध्यापक सफारी घातलेले, पोट सुटलेले. त्यांचा चष्मा गटाराच्या कडेला पडला होता आणि दोन्ही हातांनी टक्कल झाकून ते "अहो, ऐकून तर घ्या" एवढंच म्हणत होते. मारणारा माणूस काटकुळा. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांचं असतं तसलं भिंग त्याने कपाळावर चढवलं होतं आणि प्रत्येक फटक्याला ते उडून पुन्हा कपाळावर बसत होतं. शेजारच्या कापडदुकानाच्या गादीवर एक सिंधी म्हातारा शांतपणे बशीतून चहा पीत होता. मी घाबरून त्याला विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "कुछ नहीं, बाई. यांनी आपला पेन दुसऱ्याला लिहायला दिला."

मारून झाल्यावर त्या माणसाने चप्पल पायात घातली, प्राध्यापकांचा चष्मा उचलून स्वतःच्या शर्टाला पुसून त्यांच्या हातात दिला, नळावर जाऊन साबण लावून हात धुतले आणि कापडदुकानाच्या ओट्यावरच्या आपल्या टेबलाशी येऊन बसला. "हां बाई, बोला," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. मी आल्या पावली परत फिरायला हवं होतं, पण अडला हरी म्हणतात तशी माझी गत होती.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या रजिस्टरचे रकाने अरुंद आणि माझं अक्षर लहानपणापासून मुंगीएवढं. बॉलपेन साहेबांना चालत नसे, आणि बाजारातल्या कुठल्याही शाईच्या पेनाने माझा आठ म्हणजे नुसता ठिपका व्हायचा. एकदा माझ्या तीनाचा कुणीतरी आठ वाचला आणि अख्खी बॅच फुकट गेली. साहेबांनी सगळ्यांसमोर मला सोलून काढलं. तेव्हा आमच्या एका फिटरने सांगितलं, "कॅम्प तीनला गायकर म्हणून आहेत. बारीक अक्षराची निब घासून देतात. फक्त त्यांच्या तोंडाला तोंड देऊ नका, मॅडम."

"लिहा," गायकर म्हणाले.

"काय लिहू?"

"ळ लिहा. नुसता ळ. लिहीत ऱ्हावा."

मी ळ काढायला लागले तशी त्यांनी दोन बोटं माझ्या मनगटाखाली लावली आणि डोळे मिटले. परक्या बाईचा हात धरायचा म्हणजे विचारावं वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. "हाताचा भार कुठं पडतो ते डोळ्याला दिसत नाय," ते म्हणाले. "बोटाला कळतो. ळ असा आहे बाई, की त्यात निब सगळ्या बाजूंनी फिरते. अडायची असेल तर तिथंच अडणार. ज्या निबेला ळ जमला तिची काळजी करायची नाय."

निबेच्या टोकाला कठीण धातूचा एक मणी असतो. तो ते दगडावर तेल सोडून घासत आणि घासताना श्वास रोखून धरत. मग पितळेची पातळ पत्री निबेच्या चिरेतून फिरवायची, भिंगातून बघायचं, पुन्हा घासायचं. कमी घासलं तर शाई पसरते, जास्त घासलं तर निब कागद फाडते. या दोहोंच्या मधली जागा एवढीशी असते आणि ती गायकरांच्या बोटांना बरोबर सापडायची. घरी जाऊन मी त्या निबेने रजिस्टरसारखा रकाना आखला, त्यात तीन लिहिला, आणि तो तीनच दिसला. मला खरंच रडू आलं.

प्राध्यापकांचं प्रकरण मला नंतर कळलं. त्यांची निब भिंगाखाली धरताच गायकरांना दिसलं की ती दोन जागी झिजली आहे. प्रत्येक माणसाचा हात निब आपल्या वळणाने झिजवतो. वर्षभरात मण्यावर एक बारीकसा सपाट डाग पडतो आणि तो त्या माणसाचाच असतो. प्राध्यापकांच्या निबेवर असे दोन डाग होते. गायकरांनी विचारलं, पेन कुणाला दिलं होतं. प्राध्यापक म्हणाले, कुणालाच नाही. मग चप्पल निघाली. "निब दिली म्हणजे लेक दिली," गायकर मला म्हणाले. "तिकडं कुणी तिचा हात पिरगाळला तर बाप जाणार म्हणजे जाणार." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, दर गिऱ्हाइकाला ऐकवायचे. मी हसले. त्या काळात मला ते गमतीचं वाटायचं.

गायकर पूर्वी एमआयडीसीतच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. सुपरवायझरने स्वतःची चूक यांच्या नावावर खपवली तेव्हा त्याचे पुढचे दात पाडून हे घरी आले ते पुन्हा गेलेच नाहीत. मग परसरामदादांनी, म्हणजे त्या चहा पिणाऱ्या सिंधी म्हाताऱ्याने, आपल्या ओट्याचा कोपरा त्यांना दिला. त्यामागेही निबच होती. परसरामदादा आपलं लिहिणं सिंधीत करत, उजवीकडून डावीकडे. आपल्याकडच्या पेनांनी ते जमत नसे, निब उलटी ढकलली जाई आणि कागदात रुतून बसे. गायकरांनी त्यांच्यासाठी मणी दुसऱ्या बाजूने घासून दिला. त्यानंतर कॅम्पातले सगळे सिंधी म्हातारे त्यांच्याकडे यायला लागले. अशा निबेला ते 'दादांची निब' म्हणत आणि तिचं पेन वेगळ्या खणात ठेवत. बाजाराच्या टोकाला एक जुनी पेनं विकणारा होता. त्याने असलं एक पेन एका शाळकरी मुलीला विकलं. ती बिचारी वर्षभर खरडत राहिली, तिचं अक्षर बिघडलं म्हणून शाळेत मार खात राहिली. ती गायकरांकडे आली तेव्हा त्यांनी पेन पाहिलं, उठले, चालत गेले आणि त्या माणसाचं काचेचं कपाट त्याच्यासकट रस्त्यावर आडवं केलं. काचांनी त्याची पोटरी फाटली. परत येऊन त्यांनी मुलीची निब नीट करून दिली आणि तिच्यासमोर ळ काढून दाखवला. त्यांचं स्वतःचं अक्षर बैलगाडीच्या चाकाएवढं होतं.

तर असा हा माणूस. त्यांचा राग यायला वेळ लागत नसे आणि जायलाही लागत नसे. मधल्या काळात जो समोर असेल त्याचं नशीब.

एकदा त्यांच्या बायकोने डबा आणला. सुलोचनाकाकू ठेंगण्या, हसऱ्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. डबा ठेवताना पदर सरकला आणि भुवईवर सुपारीएवढं टेंगूळ दिसलं. गायकर नळावर गेले होते. मी हळूच विचारलं. काकू म्हणाल्या, "काय नाय गो. ह्यांचा हात." मग मलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "पण दारूला शिवत नाय. आणि कुंदाला कधी बोट लावलं नाय हां त्यांनी. जन्मात नाय."

गायकर परत आले तेव्हा मी तोंडावर विचारलं, "काका, निबेला जपता तेवढं काकूंना का नाही जपत?" परसरामदादांनी चहाची बशी खाली ठेवली. गायकर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता आपली पाळी. पण ते एवढंच म्हणाले, "घरातलं घरात, बाई," आणि दगडावर तेल सोडलं. मी तणतणत निघून आले. पुढे बरेच महिने मी तिकडे फिरकले नाही. मग निब बोथट झाली आणि पुन्हा गेले. दुसरं कोण करून देणार होतं?

कुंदा त्यांची एकुलती एक मुलगी. बदलापूरला शाळेत शिकवायची. लग्न होऊन कात्रपला फ्लॅटमध्ये राहायला गेली होती. तिचं अक्षर माझ्याहून बारीक. तिची नोकरी लागली तेव्हा गायकरांनी हिरव्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, एक पेन घेऊन त्याची निब घासली, आणि ती निब आपल्या हातची सगळ्यात चांगली, असं ते दर भेटीत सांगत. "माझी कुंदा पोस्टकार्डावर अख्खं पुस्तक लिहील," म्हणत. कुंदाचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलायचा. साऱ्या बाजाराला मारलं, बायकोला मारलं, पण कुंदाला नाही, याचा त्यांना अभिमान होता. जगात आपल्या बाजूला एक माणूस आहे असं ते धरून चालले होते, आणि ते माणूस म्हणजे कुंदा. त्या एका गोष्टीवर त्यांचं सगळं उभं होतं.

त्या दिवसांत उल्हासनगरात हप्तेवाल्यांचं फार झालं होतं. दुकानं उघडी असताना तलवारी निघत, आणि दुसऱ्या दिवशी कुणीच काही पाहिलेलं नसे. असे दोघे एकदा गायकरांच्या टेबलाशी आले. एकाने टेबलावरचं पेन उचललं आणि दात कोरायला निब तोंडात घातली. गायकरांनी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि तीच निब त्याच्या तळहातात आरपार खुपसली. वर, निब वाकली म्हणून आणखी एक कानफटात दिली. संध्याकाळी मी निब न्यायला गेले होते तेव्हा पाच-सहा जण सळया घेऊन आले. परसरामदादांनी मला दुकानात ओढून शटर अर्धं खाली केलं, आणि त्या अर्ध्या फटीतून मी ते पाहिलं. गायकर रस्त्यावर पालथे पडले होते. पाठीवर, डोक्यावर, पायांवर सळया पडत होत्या आणि त्यांनी ओरडायचंसुद्धा सोडलं होतं. मला आधी कळेना की हा माणूस डोकं का झाकत नाही. डोक्यातून रक्त वाहत होतं आणि दोन्ही हात मात्र त्यांनी पोटाखाली दाबून धरले होते. ते लोक गेल्यावर आम्ही त्यांना उताणं केलं. बरगड्या मोडल्या होत्या, खांद्याचं हाड वर आलं होतं. त्यांनी हात डोळ्यांसमोर धरले, दहाही बोटं मिटली, उघडली आणि म्हणाले, "चालतंय."

यानंतर वर्षभराने विलास आला. विलास म्हणजे कुंदाचा नवरा. एका कंपनीत स्टोअरकीपर, नीटनेटका, भांग पाडलेला, बोलायला गोड. मी माझी निब घेऊन बसलेच होते. त्याने सासऱ्याला वाकून नमस्कार केला, पेढ्यांचा पुडा ठेवला आणि खिशातून ते हिरवं पेन काढलं.

"बाबा, निब कागद फाडते म्हणते ती. म्हटलं, मीच नेऊन देतो. शाळेतून तिला कुठं जमतंय यायला."

गायकर खूश झाले. चहा सांगितला. भिंग डोळ्यावर घेतलं आणि निब उजेडात धरली. विलास पंखा, धूळ, बदलापूरचं पाणी असं काहीबाही बोलत होता. गायकर निब फिरवून बघत राहिले. पुन्हा बघितली. मग भिंग कपाळावर चढवलं.

"ही कोण वापरतं?"

"तीच. दुसरं कोण वापरणार?"

"पूर्वीचा डाग आहे तो तिचाच. वर नवा पडलाय तो दुसऱ्याच अंगाला आहे. हात सगळा बाहेर फिरलाय." गायकरांचा आवाज मऊ होता, अगदी मला पहिल्या दिवशी ऐकू आला तसा. "मनगट कशानं मोडलं?"

विलासच्या हातात चहाचा ग्लास होता. तो हसला. "अहो, ते होय. बाथरूममध्ये पडली. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून कळवलं नाही. बसलं हाड आता."

बाथरूम हा शब्द ऐकताच गायकरांच्या चेहऱ्यात जे झालं ते मला त्या वेळी समजलं नाही. त्यांच्या टेबलाला एक लोखंडी व्हाइस, दांडा फिरवून आवळायचा शिकंजा, बसवलेला होता. निब धरायला म्हणून त्याच्या जबड्यांना चामड्याचे तुकडे चिकटवलेले असत. गायकरांनी ते तुकडे एकेक करून सोलून काढले आणि नीट बाजूला ठेवले. मग विलासचा उजवा हात धरला, जणू निबेसाठी मनगट बघायचंय असा. आणि त्याची बोटं जबड्यात घालून दांडा फिरवला.

ते मी विसरलेले नाही. विलास आधी हसतच होता, त्याला काय चाललंय ते कळायला क्षणभर लागला. मग तो गुडघ्यांवर आला आणि जनावरासारखा ओरडायला लागला. हाड मोडल्याचा आवाज बारीक असतो, वाळलेली काटकी मोडावी तसा. गायकर निब घासताना धरायचे तसा श्वास धरून दांडा फिरवत होते. मी त्यांच्या दंडाला लटकले, त्यांनी मला झटकून टाकलं आणि माझं डोकं ओट्यावर आपटलं. शेवटी परसरामदादांनी कापड मोजायचा लोखंडी गज उचलून त्यांच्या मनगटावर घातला, एकदा, पुन्हा एकदा, तेव्हा दांडा सुटला.

विलासला दवाखान्यात नेलं. गायकर तसेच उठून चालायला लागले. "कात्रपला जातो. पोरीला घेऊन येतो." परसरामदादा माझ्या कपाळाला ओला रुमाल लावत म्हणाले, "बाई, तुम्ही जा याच्याबरोबर. हा तिकडे मर्डर करेल." आजही मला सांगता येत नाही की मी का गेले. डोकं ठणकत होतं, भीती वाटत होती आणि त्या माणसाचा भयंकर रागही आला होता. पण कुंदाला मी पाहिलेलं नव्हतं आणि तिला एकटीला या दोन पुरुषांच्या मध्ये सोडवेना.

कात्रपच्या त्या फ्लॅटचं दार कुंदाच्या सासूने उघडलं. गायकरांनी तिला बाजूला लोटलं आणि पहिल्या झटक्यात शोकेस फोडलं. कपबशा, बाहुल्या, लग्नाचा फोटो. मग टीव्हीला लाथ घातली. "कुंदे," ते ओरडत होते, "चल, चपला घाल. त्याची बोटं मोडलीत मी. आता ह्या घराची एक वीट ठेवत नाय." सासू कोपऱ्यात किंचाळत होती. आतून एक बारीक बाई आली, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा डाव्या हातात. उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वाकलेलं, वेडंवाकडं बसलेलं. तिने फुटक्या काचा पाहिल्या आणि मग बापाकडे पाहिलं. तिला आनंद झाला नव्हता, धीरही आला नव्हता. ती दमली होती.

"मी इथं राहणार नाही, बाबा," ती म्हणाली. "पण तुमच्या घरीही येणार नाही."

"म्हणजे? माझ्या घरी कोण हात लावणार तुला? मी कधी लावला?"

"मला नाही लावला." ती अजिबात चढ्या आवाजात बोलत नव्हती. "आईचा हात मोडला होता तेव्हा दवाखान्यात तिच्याबरोबर मी गेले होते. शाळेत होते मी. बाथरूममध्ये पडली असं डॉक्टरांना मीच सांगितलं. तुम्हीच तसं सांगायला शिकवलं होतंत. यांनी माझा हात मोडला तेव्हा मला कुणी शिकवावं लागलं नाही."

गायकरांचा हात वर होता, टीव्हीचा डबा उचलायला नेलेला. तो तसाच राहिला. कुंदाने चपला घातल्या, गठ्ठा पिशवीत टाकला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, मीही बारीक अक्षराची. दुसरं काही सुचलं नाही. "मग मला आज कुठंतरी न्या," ती म्हणाली.

मी तिला अंबरनाथला आणलं. शिवमंदिराच्या बाजूला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका विधवा बाईंची खोली रिकामी होती. तिथे कुंदा राहिली ती राहिलीच. शाळा सुरू ठेवली. पोलिसांत तक्रार झाली, पण बोटं का मोडली ते विलासला सांगावं लागलं असतं, म्हणून त्याने ती मागे घेतली. पुढच्या आठवड्यात सुलोचनाकाकू एक ट्रंक घेऊन लेकीच्या दारात उतरल्या. कुणी बोलावलं नव्हतं. "आता ह्यांनी आपला डबा आपणच करावा," एवढंच म्हणाल्या आणि स्टोव्ह पेटवला. नवऱ्याला सोडून येणं त्यांना इतकी वर्षं जमलं नव्हतं, ते लेकीने करून दाखवल्यावर जमलं.

गायकर एकटे पडले. मला वाटलं होतं, आता हा माणूस कुणाचा तरी जीव घेईल. तसं झालं नाही. एकदा मी बसले असताना एक दांडगा रिक्षावाला निबेवरून अद्वातद्वा बोलला, आईवरून बोलला. परसरामदादांनी सवयीने शटरकडे हात नेला. गायकरांचा उजवा हात वर गेला. मग त्यांनी तो खाली आणला, मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. डावाही घातला. रिक्षावाला शिव्या देऊन दमला आणि गेला. गायकरांच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. परसरामदादा म्हणाले, "वामन, तबियत ठीक है?" गायकर म्हणाले, "ठीक आहे. पाणी दे."

दर खेपेला ते मला एकच प्रश्न विचारत. "निब फाडते का अजून?" मी हो म्हणायचे. कुंदाचं हिरवं पेन व्हाइसच्या दिवशी ओट्यावर राहिलं होतं, ते मी तिला परत नेऊन दिलं होतं. वाकड्या मनगटाने ती तेच वापरत होती आणि तिच्या कागदांना भोकं पडत होती. बॉलपेन धरलं की मनगट दुखायचं, दाबावं लागायचं. "एकदा आणाल का तिला?" ते म्हणायचे. "हात बघितल्याशिवाय नाय जमत." मी कुंदाला सांगायचे, ती विषय बदलायची. ती यावी असं मला फार वाटत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं.

असं बरंच चाललं. मग शाळेत तिला दहावीचा वर्ग मिळाला, लिहिणं वाढलं, आणि एक दिवस तीच म्हणाली, "चला. निबेसाठी येते. बाकी कशासाठी नाही."

आम्ही बाजारात रिक्षातून उतरलो तेव्हा गायकरांनी तिला लांबूनच पाहिलं होतं. टेबल पुसलेलं, कोरा कागद मांडलेला, स्टुलावर परसरामदादांच्या दुकानातला नवा टॉवेल अंथरलेला. केस सगळे पांढरे झाले होते. ती बसली. त्यांनी "कशी आहेस" विचारलं नाही, तिनेही काही विचारलं नाही.

"लिही," ते म्हणाले.

ती ळ काढायला लागली. निब कागदात अडकत होती, शाई उडत होती. गायकरांनी डोळे मिटले आणि आयुष्यभराच्या सवयीने मनगटाखाली बोटं लावायला हात पुढे केला. कुंदाचं पेन खाली पडलं. तिचं कोपर झटकन वर आलं आणि डोकं खांद्यांत गेलं. डोळे घट्ट मिटलेले. ती मार खायला तयार झाली होती.

त्यांनी तिला आयुष्यात कधी मारलं नव्हतं.

कुंदाने कोपर हळूहळू खाली घेतलं आणि "सॉरी" म्हणाली. मला ते 'सॉरी' त्या कोपरापेक्षा जास्त लागलं. गायकरांनी पुढे केलेला हात मागे घेतला, मांडीखाली घातला. दुसराही घातला. बरगड्यांवर सळया पडत असताना ज्या हातांना त्यांनी जपलं होतं, त्यांच्यावर ते आता सगळा भार देऊन बसले.

"बाई," ते मला म्हणाले, "तुम्ही धरा मनगट. मी धरतो तसं, खालून, दोन बोटांनी. आणि मला सांगा."

मी धरलं. कुंदाने पुन्हा लिहायला घेतलं. ते विचारत गेले, मी सांगत गेले. भार कुठं येतोय. करंगळीकडे. वळताना सुटतो का. सुटतो, आणि मग एकदम पडतो. हाड कुठं लागतंय. इथं. दुखतंय का, तिला विचारा. ती समोर बसली होती, तरी ते मला म्हणत, तिला विचारा. कुंदा म्हणाली, "थोडं." त्यांनी डोळे मिटून ते ऐकून घेतलं.

मग त्यांनी मला निब काढून टेबलावर ठेवायला सांगितलं आणि तिला विचारलं, "घासू?" तिने मान हलवली तेव्हाच हात बाहेर काढले. दुपार कलेपर्यंत घासत होते. ना तिने त्यांच्याकडे पाहिलं ना त्यांनी तिच्याकडे, दोघंही निबेकडेच बघत होते. मध्ये चहा आला, गार झाला. निब बसवून पेन त्यांनी तिच्या हातात दिलं नाही, टेबलावर तिच्या बाजूला सरकवलं आणि हात पुन्हा मांडीखाली घातले.

कुंदाने ळ काढला. मग एक ओळ काढली, मग दुसरी. एवढुसे बारीक ळ, एकही न फाटता. वाकडं मनगट कागदावर सरकत होतं आणि शाई केसभरही पसरत नव्हती. तिने टोपण लावलं, पेन पर्समध्ये ठेवलं. "बरी आहे," ती म्हणाली. निबेबद्दलच म्हणाली.

"लागली तर पुन्हा ये," गायकर म्हणाले.

"बघू."

त्यानंतर ती गेली की नाही, मला माहीत नाही. माझी बदली झाली आणि गायकर वारल्याचं मला काकूंकडून कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच. रिक्षा वळताना मी मागे बघितलं. कुंदाने बघितलं नाही. परसरामदादा गार झालेला चहा गटारात ओतत होते. गायकर समोरच्या कागदावरच्या ळांकडे बघत बसले होते. आम्ही निघून गेलो होतो, ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी हात बाहेर काढले नव्हते.